पिंग लागतं, पण शेअर उघडत नाही: एल-थ्री स्विच आणि फायरवॉल यांची जोडणी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. कारखान्यात दीडशेच्या आसपास पीसी. पाच व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क): १० ऑफिस, २० सर्व्हर, ३० कॅमेरे, ४० मशिन्स, ५० पाहुण्यांचं वायफाय. पाचही व्हीलॅनचे आयपी एल-थ्री स्विचवर दिलेत आणि त्यांच्यातलं रूटिंग, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात पॅकेट नेणं, स्विचच करतो (म्हणूनच तो एल-थ्री). फायरवॉल (ये-जा तपासून अडवणारं खोकं) जुनीच, ती व्हीलॅन १० मध्ये १०.२०.१०.१ वर बसलेली. स्विच १०.२०.१०.२ वर. ऑफिसच्या पीसींचा गेटवे (आपल्या नेटवर्काबाहेर जायचं दार) फायरवॉल, बाकी सगळ्यांचा स्विच. इंटरनेट फक्त ऑफिसला मिळत होतं, म्हणून फायरवॉलवर बाकीच्या सबनेटसाठी (प्रत्येक व्हीलॅनच्या पत्त्यांच्या पट्ट्यासाठी) स्विचकडे जाणारे स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं लिहिलेल्या वाटा, टाकले. तेव्हापासून अकाउंट्सच्या पीसीवरून सर्व्हरला पिंग (‘आहेस का?’ अशी विचारणा) लागतं, पण टॅलीचा शेअर फोल्डर उघडता उघडत नाही. उघडलाच तर मधेच लटकतो. व्हेंडर म्हणतो, फायरवॉल बदला.

बदलू नका. नवी आणलीत तरी ती हेच करेल, कारण आहे ती आपलं काम चोख करते आहे. घोळ वाटेत आहे.

पीसी १०.२०.१०.५५ आणि सर्व्हर १०.२०.२०.५ असे धरू. सर्व्हर आपल्या सबनेटमधला नाही, म्हणून पीसी कनेक्शन मागणारं पहिलं सिन पॅकेट गेटवेकडे, म्हणजे फायरवॉलकडे देतो. फायरवॉल त्याची नोंद करते, रूट बघते आणि पॅकेट ज्या पोर्टातून आलं त्याच पोर्टातून स्विचकडे परत ढकलते. स्विच ते सर्व्हरला पोचवतो. सर्व्हर उलट सिन-ॲक, म्हणजे होकार, पाठवतो. ते स्विचकडे येतं, आणि स्विचचा एक पाय व्हीलॅन १० मध्येच असल्यामुळे तो ते थेट पीसीच्या हातात ठेवतो. फायरवॉलला याचा पत्ताच नाही. मग पीसी तिसरं पॅकेट, म्हणजे ॲक, पुन्हा फायरवॉलकडे देतो. तिच्या वहीत सिन आहे, सिन-ॲक नाही. ज्या निरोपाला उत्तरच आलं नाही त्याची पोच देणारं हे पॅकेट तिला संशयास्पद वाटतं आणि ती ते टाकून देते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर शेअर उघडायचा प्रयत्न चालू असताना दोन्हीकडे नेटस्टॅट (चालू कनेक्शनांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा. पीसीवर ४४५ पोर्टचं, म्हणजे फाइल शेअरिंगचं, कनेक्शन ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसेल आणि सर्व्हरवर तेच ‘सिन रिसीव्हड’मध्ये अडकलेलं. एक म्हणतो लग्न झालं, दुसरा अजून मुहूर्ताची वाट बघतोय. पिंगचं तसं नाही. पिंगची प्रत्येक विचारणा स्वतंत्र असते, ती फायरवॉलमधून गेली आणि उत्तर दुसऱ्या वाटेनं आलं तरी कुणाचं काही अडत नाही. म्हणून पिंग लागलं की ‘नेटवर्क ठीक आहे’ हा निष्कर्ष अशा जागी हमखास फसवतो. आणि कधीमधी शेअर उघडतो तो बहुधा यामुळे: काही फायरवॉल पीसीला ‘अरे, त्याच्यासाठी तू थेट स्विचकडेच जा’ असा रीडायरेक्ट पाठवतात. पीसीनं तो मानला की तेवढ्यापुरतं चालतं. तो विसरला की पुन्हा रडगाणं.

यावर पळवाटा आहेत, प्रत्येक कंपनीच्या फायरवॉलवर वेगळी. सिस्को एएसएवर टीसीपी स्टेट बायपास (कनेक्शनची नोंद न बघता पॅकेट सोडणं) आहे, पीएफसेन्समध्ये एकाच इंटरफेसवरून ये-जा करणाऱ्या वाहतुकीला नियमांतून वगळण्याची खूण आहे, फॉर्टिगेटवर असिमेट्रिक रूटिंग (जाण्या-येण्याच्या वेगळ्या वाटा चालवून घेणं) चालू करता येतं. रात्री अकरा वाजता उत्पादन थांबलं असेल तर मीही ती खूण करेन. पण मग फायरवॉल नावापुरती उरते. विशेषतः फॉर्टिगेटवर ती सोय एका जोडीपुरती नसते, तपासणी सरसकट सैल होते. मुळातला दोष एवढाच की व्हीलॅन १० च्या घरात दोन कारभारी आहेत. प्रत्येक व्हीलॅनला गेटवे एकच हवा, आणि जिथून पॅकेट गेलं तिथूनच ते परत यायला हवं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आता कोणत्या व्हीलॅनचा गेटवे कुठे ठेवायचा, हे ठरवू. इथे लोक दोन टोकं पकडतात. एक म्हणतो सगळं फायरवॉलवर घ्या, सुरक्षा हवी ना. दुसरा म्हणतो एवढे पैसे घालून एल-थ्री स्विच आणला तो काय शोभेला? दोघांनाही मी आधी आकडे विचारतो. साध्या २४ गिगाबिट पोर्टांच्या स्विचची चिप सगळे पोर्ट भरून वाहिले तरी सेकंदाला ३.५७ कोटी पॅकेट रूट करते, आणि सीपीयूला त्याचा मागमूसही नसतो. फायरवॉलच्या माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला वेग मोठ्या पॅकेटांवर आणि तपासणी बंद ठेवून मोजलेला असतो. अँटीव्हायरस, आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी तपासणी) चालू केल्यावरचा आकडा खाली बारीक अक्षरात, कितीतरी लहान असतो. तो वाचा. मग कॅमेऱ्यांचा हिशेब करा: ६४ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे २५६ एमबीपीएस रात्रंदिवस. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं खोकं) सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये असेल आणि गेटवे फायरवॉलवर नेलात, तर ती आयुष्यभर गेटचं आणि कॅन्टीनचं चित्रीकरण तपासत बसेल. एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवला तर हा लोंढा रूट करायचाच प्रश्न येत नाही. हे फुकटात होणारं काम आहे, आधी करा.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. ऑफिस, सर्व्हर आणि कॅमेरे यांचा गेटवे स्विचवर. मशिन्स आणि पाहुणे यांचा गेटवे थेट फायरवॉलवर. मशिन्सची वाहतूक किरकोळ असते, पण तिथल्या पीएलसीला (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरला) आणि जुन्या विंडोजवर चालणाऱ्या एचएमआयला (ऑपरेटरच्या पडद्याला) कुणी हात लावला तर लाइन थांबते, म्हणून त्यांच्याकडे जाणारं प्रत्येक पॅकेट फायरवॉलच्या नजरेखालून गेलेलं बरं. पाहुण्यांबद्दल तर बोलायलाच नको.

या दोन व्हीलॅनचा आयपी स्विचवर अजिबात ठेवू नका. ‘नुसता मॅनेजमेंटसाठी असू दे’ म्हणून ठेवलेला आयपी मी अनेक ठिकाणी पाहिलाय. स्विचवर रूटिंग चालू असताना त्या व्हीलॅनमध्ये त्याचा आयपी असणं म्हणजे भिंतीला मागून दार ठेवणं. पाहुण्यानं लॅपटॉपवर हातानं गेटवे म्हणून स्विचचा आयपी टाकला की तो फायरवॉलला वळसा घालून थेट सर्व्हरपर्यंत पोचतो. स्विचवर व्हीलॅन राहू दे, त्याचा इंटरफेस (स्विचचा त्या व्हीलॅनमधला पाय) काढून टाका: ‘नो इंटरफेस व्हीलॅन ५०’, आणि तसंच ४० साठी. सबनेटही पाहुण्यांसाठी वेगळ्या घराण्यातलं घ्या, १७२.१६.५०.० वगैरे, म्हणजे पुढे १०.२०.०.० च्या कुठल्याही सरसकट नियमात ते चुकून येणार नाही.

आता जोडणी. फायरवॉल आणि स्विच यांच्यामध्ये एक स्वतंत्र ट्रान्झिट व्हीलॅन करा, समजा ९९९. त्यात दोघांशिवाय कुणी नाही, एकही पीसी नाही, प्रिंटर तर नाहीच. सबनेट १०.२०.२५५.०, फायरवॉलला .१ आणि स्विचला .२. दोनच आयपी लागतात म्हणून /३० (दोन वापरता येणाऱ्या आयपींचं सबनेट) पुरतं. तरी मी /२९ घेतो. उद्या दोन फायरवॉल आणि दोन कोअर स्विच झाले, तर दोन्हीकडे प्रत्येकी दोन खरे आणि एक आभासी असे सहा आयपी लागतात, आणि /२९ मध्ये वापरता येणारे आयपी बरोबर सहाच असतात. पुन्हा खोदकाम नको.

मशिन्स आणि पाहुणे हे दोन व्हीलॅनही फायरवॉलपर्यंत न्यायचेत, त्यामुळे मधली वायर ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी, असेल आणि तिच्यावर फक्त ४०, ५० आणि ९९९ जातील. फायरवॉलवर त्यांचे तीन सबइंटरफेस. दोन पोर्ट मोकळे असतील तर दोन वायरींचं एलएसीपी करा, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोड. ट्रंकवर नवा व्हीलॅन वाढवताना मात्र हात आखडता ठेवा. सिस्कोवर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ५०’ आणि ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ५०’ यांत एका शब्दाचा फरक आहे. ‘ॲड’ विसरलात की आधीची सगळी यादी पुसली जाते आणि ट्रंकवर एकटा ५० उरतो. हे मी स्वतः केलंय, दुपारी साडेबाराला, माझ्याच एसएसएच (लांबून लॉगइन) सेशनचा व्हीलॅन त्या यादीत असताना. स्क्रीन गोठली तेव्हा काय झालं ते कळलं आणि कन्सोल केबल घेऊन जिना चढलो.

स्विचवर डिफॉल्ट रूट हवा: ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १०.२०.२५५.१’. इथे एक जुना सापळा आहे. अनेक ठिकाणी ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ आधीच लिहिलेलं असतं आणि लोक त्यावर विसंबतात. ती ओळ स्विच नुसता एल-टू असतो, म्हणजे रूटिंग करत नसतो, तोवरची. ‘आयपी रूटिंग’ चालू झालं की स्विच तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

फायरवॉलवर परतीचा रूट: १०.२०.०.०/१६ (१०.२० नं सुरू होणारे सगळे पत्ते) साठी १०.२०.२५५.२. एकेक सबनेट लिहिण्यापेक्षा एकच मोठा रूट बरा. मशिन्सचं १०.२०.४०.० त्याच पट्ट्यात येतं खरं, पण ते फायरवॉलला थेट जोडलेलं असल्यामुळे तिथे थेट जोडणीच जिंकते. मोठ्या रूटची एक गंमत मात्र होते. कुणीतरी, बहुधा एखादा व्हायरस किंवा स्कॅनर, अस्तित्वात नसलेल्या १०.२०.७७.५ ला पॅकेट पाठवतो. स्विचला हे सबनेट माहीत नाही, म्हणून तो डिफॉल्टनं फायरवॉलकडे देतो. फायरवॉल म्हणते १०.२० ना, मग स्विचकडे. टीटीएल (पॅकेटला ठरवून दिलेले टप्पे) संपेपर्यंत दोघांचा टोलवाटोलवीचा खेळ चालतो, आणि अशी पॅकेट हजारोंनी आली की ट्रान्झिट वायर उगाच तापते. उपाय एका ओळीचा: स्विचवर ‘आयपी रूट १०.२०.०.० २५५.२५५.०.० नल०’, म्हणजे अशी पॅकेट टाकून दे. खरी सबनेटं अधिक नेमकी असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही, बाकीचं स्विचवरच मरतं. फक्त मशिन्सचं १०.२०.४०.० आता स्विचवर नाही, तेव्हा त्याच्यासाठी फायरवॉलकडे जाणारा वेगळा रूट स्विचवर लिहायला विसरू नका, नाहीतर तेही त्याच खड्ड्यात जाईल.

रूट झाले म्हणजे इंटरनेट मिळेलच असं नाही. फायरवॉलला नवी सबनेटं आपली माणसं म्हणून ओळखू यावी लागतात, आणि हे प्रत्येक कंपनीच्या खोक्यात वेगळ्या जागी असतं. पीएफसेन्सवर लॅनचा मूळ नियम फक्त त्या इंटरफेसच्या स्वतःच्या सबनेटला परवानगी देतो, मागून आलेला व्हीलॅन २० त्यात बसत नाही. फॉर्टिगेटवर पॉलिसीच्या सोर्समध्ये नवे ॲड्रेस घाला आणि नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) त्याच पॉलिसीत चालू आहे ना ते बघा. रूटच नसेल तर तिथे डीबगमध्ये ‘रिव्हर्स पाथ चेक फेल’ दिसतं, म्हणजे ‘या पत्त्याकडे परत जायची वाट मला माहीत नाही, तेव्हा आत घेणार नाही’. चेक पॉइंटवर इंटरफेसच्या मागे कोणती नेटवर्क आहेत ते लिहिलं नाही तर अँटीस्पूफिंग (खोटा पत्ता लावून आलेल्यांना अडवणारी तपासणी) पॅकेट उडवतं. शाखांशी व्हीपीएन असेल तर तिथल्या दोन्ही टोकांच्या यादीतही ही सबनेटं चढवा.

ऑफिसचा गेटवे हलवताना मी जुना आयपीच स्विचला देतो, म्हणजे स्विच होईल १०.२०.१०.१. असं केलं की हातानं आयपी टाकलेले प्रिंटर आणि बायोमेट्रिक हजेरीची मशिनं शोधत फिरावं लागत नाही. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, पीसींच्या एआरपीमध्ये (कोणता आयपी कोणत्या नेटवर्क कार्डाचा, या यादीत) जुना मॅक, म्हणजे कार्डाचा पत्ता, अडकलेला असतो, काही मिनिटं गोंधळ दिसतो, तो आपोआप निवळतो. दुसरी किंमत जास्त महागात पडते: डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सेवा. जुन्या मांडणीत पीसींना डीएनएस म्हणूनही बहुधा १०.२०.१०.१ च दिलेला असतो. आता त्या पत्त्यावर स्विच बसलाय आणि त्याला डीएनएस येत नाही. पिंग जातं, ८.८.८.८ लागतं, आणि सगळं ऑफिस ओरडतं की नेट गेलं. डीएचसीपीत (पीसींना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेत) डीएनएस आधीच बदलून ठेवा.

डीएचसीपी सर्व्हर विंडोजवर व्हीलॅन २० मध्ये असेल तर ऑफिस आणि कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस १०.२०.२०.५’. स्विच विनंती पुढे पाठवताना तीत स्वतःचा त्या व्हीलॅनमधला आयपी लिहितो, त्यावरून सर्व्हर योग्य स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) निवडतो. डीएचसीपी आतापर्यंत फायरवॉल देत असेल तर आधी तपासा, कारण काही फायरवॉल फक्त स्वतःला थेट जोडलेल्या सबनेटलाच पत्ते वाटतात. तसं असेल तर डीएचसीपी स्विचवरच घ्या, दीडशे पीसींना तो पुरेसा आहे.

या मांडणीत तुम्ही काय गमावता तेही सांगतो, नाहीतर नंतर मला बोल लावाल. फायरवॉलला आता ऑफिसच्या प्रत्येक पीसीचा मॅक एकच दिसेल, स्विचचा. मॅकवर बांधलेले नियम किंवा उपकरण ओळखण्याची सोय वापरत असाल तर ती ऑफिसपुरती गेली. आणि ऑफिस ते सर्व्हर ही वाहतूक फायरवॉलच्या लॉगमध्ये येणार नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस राखायचे असतात. ऑडिटरनं अंतर्गत वाहतुकीबद्दल विचारलं तर सर्व्हरचे स्वतःचे लॉग दाखवावे लागतील.

‘मग स्विचवर एसीएल लावू का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. एसीएल म्हणजे कुणाला जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही याची यादी. लावा, पण ढोबळ कामापुरती: कॅमेऱ्यांनी ऑफिसकडे जायचं नाही, एवढ्यापुरती. स्विचची एसीएल आंधळी असते, आधी काय झालं ते तिला आठवत नाही. ‘एस्टॅब्लिश्ड’ हा शब्द तिथे असतो खरा, पण तो फक्त पॅकेटवर ॲक किंवा रीसेटची खूण आहे का एवढंच बघतो, आणि ती खूण कुणालाही लावता येते. यूडीपीला (आधी कनेक्शन न जोडता चालणाऱ्या वाहतुकीला) तर तेही नाही. चाळीस ओळींची एसीएल लिहायची वेळ आली तर तो व्हीलॅन फायरवॉलवर न्या. मोठ्या कॅम्पसमध्ये मधला मार्ग असतो: व्हीआरएफ, म्हणजे एकाच स्विचमध्ये रूटिंगचे वेगवेगळे तक्ते. एका विश्वासातले व्हीलॅन एका व्हीआरएफमध्ये, प्रत्येक व्हीआरएफला स्वतःचा ट्रान्झिट, आतलं स्विच रूट करतो आणि एकातून दुसऱ्यात जायचं तर फायरवॉलमधूनच. तुमच्या पाच व्हीलॅनना तो थाट नको.

तपासताना स्विचवरून नुसतं ‘पिंग ८.८.८.८’ करून खूश होऊ नका. स्विच तेव्हा स्वतःचा ट्रान्झिट आयपी वापरतो, आणि तो फायरवॉलच्या शेजारचाच आहे, त्याला कोण अडवणार? ‘पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन २०’ असं करा, मग कळतं. पीसीवरून ट्रेसरूट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) घेतला तर पहिला टप्पा १०.२०.१०.१, दुसरा १०.२०.२५५.१ दिसला पाहिजे. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यातल्या विंडोज पीसीला पिंग लागत नसेल तर लगेच स्विचवर शंका घेऊ नका. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचे नियम बहुतेक वेळा स्थानिक सबनेटपुरतेच उघडे असतात. आणि मशिन्सच्या बाबतीत बघा की पीएलसीमध्ये गेटवे भरलाय का. वर्षानुवर्षं एकाच सबनेटमध्ये राहिलेल्या मशिनमध्ये ती जागा बहुधा रिकामी असते. तुमचं पॅकेट तिच्यापर्यंत पोचतं, तिला उत्तर कुणाकडे द्यायचं ते माहीत नसतं.

बदल करायला साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्या. लांबून काम करणार असाल तर सुरुवातीला जुनं कॉन्फिगरेशन सेव्ह करा आणि मग ‘रीलोड इन ३०’ द्या. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत तर अर्ध्या तासानं स्विच आपोआप जुन्या रूपात उठेल. क्रम असा ठेवा: आधी ट्रान्झिट आणि दोन्हीकडचे रूट, मग नियम आणि नॅट, मग डीएनएस आणि डीएचसीपी, आणि व्हीलॅन १० चा गेटवे सर्वांत शेवटी. फायरवॉलचा व्हीलॅन १० मधला पाय त्याच वेळी काढा, ‘राहू दे दोन दिवस’ नको. तो राहिला तर आज जी कटकट आहे तीच राहिली.

अकाउंट्सच्या पीसीवरून टॅलीचा फोल्डर उघडा, दोन्हीकडे नेटस्टॅटमध्ये ‘एस्टॅब्लिश्ड’ दिसलं की ‘रीलोड कॅन्सल’, आणि लगेच ‘राइट मेमरी’, म्हणजे केलेले बदल सेव्ह. चाकणच्या एका कारखान्यात आमच्याच पोरानं बुधवारी रात्री सगळं उत्तम करून दिलं आणि ही शेवटची ओळ विसरला. गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज गेली, शुक्रवारी पहाटेच्या शिफ्टला स्विच महिन्यापूर्वीच्या रूपात उठून बसला होता.